पडवीतला झोपाळा आणि दोन ठिकाणं: एका फ्लेक्सची चूक आणि दुरुस्ती

गेल्या वर्षी ऑगस्टात आमच्या शाळेतल्या बारावीच्या एका मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी फ्लेक्स छापून आणला. शाळा वेंगुर्ला तालुक्यात, किनाऱ्यापासून सायकलने दहा मिनिटांवर. फ्लेक्सवर तिच्या घरच्या पडवीतल्या झोपाळ्याचा फोटो, त्याला लागूनच तोच झोपाळा फिकट करून पुन्हा चिकटवलेला, आणि वर ठळक अक्षरांत: ‘एकाच वेळी दोन ठिकाणी असलेला झोपाळा!’ खाली बारीक टायपात २०२३ सालच्या झुरिकच्या प्रयोगाचा उल्लेख. मथळ्यातलं वाक्य माझंच होतं. दोलनाचा धडा शिकवताना तास रंगावा म्हणून मी ते म्हणून गेलो होतो.

फ्लेक्स घरी पोचला तेव्हा तिचे आजोबा त्याच झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी चष्मा लावून मथळा वाचला, पायाने जमिनीला रेटा देऊन एक झोका घेतला आणि विचारलं, ‘बाय, झोपाळो दोन जाग्यार आसा म्हणतंस, मगे माका एकच कित्याक दिसता?’ तिने माझं उत्तर जसंच्या तसं दिलं: आपण बघितलं की तो एकाच ठिकाणी सापडतो. आजोबा क्षणभर थांबले. ‘आणि दिवो मालवलो तर?’

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभं राहून तिने मला हे सांगितलं आणि मी अडखळलो. अंधारात काय होतं ते मला माहीत होतं. वर्गात मी जे सांगितलं होतं त्याच्याशी ते जुळत नव्हतं, एवढंच. त्यानंतरचे तीन आठवडे ती, मी आणि मधूनमधून आजोबा या एका वाक्याच्या मागे लागलो होतो. इतर शिक्षकांना उपयोग होईल म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे.

झोपाळ्याचा हिशेब

सुरुवात मोजमापापासून केली. तिने टेप लावून कड्यांची लांबी मोजली, २.२ मीटर. मोबाइलवर दहा झोक्यांचा वेळ घेतला, तीस सेकंद. म्हणजे एका झोक्याला तीन सेकंद, सूत्रातूनही तेवढेच येतात. फणसाची फळी आणि पितळी कड्या मिळून वजन आजोबांच्या मते ‘मणभर’. आम्ही ४० किलो धरलं.

क्वांटम सिद्धांतानुसार कुठल्याही हेलकावणाऱ्या वस्तूची ऊर्जा पायऱ्यापायऱ्यांनी वाढते आणि सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी असते. ही उंची वस्तू किती जड यावर ठरत नाही, ती किती जलद हेलकावते यावर ठरते. आपला झोपाळा इतका संथ की त्याची पायरी जवळजवळ सपाटच. ३० अंशांच्या हवेत, कोणी हात न लावता, नुसत्या उष्णतेच्या थरथरीने तो सुमारे १९ लाख कोटी पायऱ्या वर उभा असतो. तळाच्या पायरीवर आणायचा तर त्याला एका केल्विनच्या (शक्य त्या सर्वांत खालच्या तापमानापासून मोजलेला एक अंश) सहा हजार कोटीव्या भागापेक्षाही थंड करावं लागेल. हा आकडा तिने तीनदा तपासला. मीही तपासला, कारण कॅल्क्युलेटरवर शून्य मोजताना माझी नेहमी चूक होते.

या हिशेबातून एक गोष्ट निघाली, जी मी वर्गात कधी नीट सांगितली नव्हती. प्रयोगशाळेतल्या वस्तूला तळाशी आणणं शक्य झालं ते ती लहान आहे एवढ्यानेच नाही, ती अतिशय जलद थरथरते म्हणून. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे अँड्र्यू क्लेलंड आणि जॉन मार्टिनिस यांच्या गटाने ॲल्युमिनियम नायट्राइडची एक चिमुकली पट्टी घेतली. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी. ती सेकंदाला सुमारे ६ अब्ज वेळा थरथरते. एवढ्या वेगाला पायरी उंच होते. केल्विनचा चतुर्थांश गाठला तरी उष्णतेला ती चढताना दम लागतो. त्यांनी पट्टी केल्विनच्या चाळीसाव्या भागापर्यंत थंड केली आणि ती तळाशी बसली. मग त्यांनी तिला ‘तळाची पायरी’ आणि ‘पहिली पायरी’ या दोन्हींच्या मिश्र अवस्थेत ठेवलं. यांत्रिक वस्तूच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडलं. ती अवस्था टिकली काही नॅनोसेकंद. (या मार्टिनिस यांना २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क आणि मिशेल देवोरे यांच्याबरोबर मिळालं, पण ते त्यांच्या १९८०च्या दशकातल्या विद्युत मंडलांवरच्या कामासाठी. प्रदर्शनात निम्म्या फलकांवर हे दोन प्रयोग एकत्र कालवलेले होते.)

झोपाळ्याच्या सर्वांत जवळ जाणारं उदाहरण मात्र वेगळंच आहे आणि ते सापडलं तेव्हा मुलगी खुर्चीतून उठलीच. गुरुत्वलहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोचे आरसे ४० किलोचे असतात आणि काचेच्या तंतूंनी टांगलेले असतात. म्हणजे मणभराचे झोपाळेच. अशा चार आरशांची एकत्रित हालचाल १० किलोच्या एका लंबकासारखी धरून, २०२१ साली ती केल्विनच्या ७७ अब्जांशापर्यंत शांत करण्यात आली. तरीही लंबक तळापासून साधारण अकरा पायऱ्या वर होता, आणि त्यासाठी नियंत्रणाच्या बळाने त्याचा वेग सेकंदाला जवळपास दीडशे हेलकाव्यांपर्यंत नेला होता. दोन अवस्थांत एकदम ठेवणं तर दूरच. तसलीच यंत्रणा आता हिंगोलीत औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. आजोबांना हे आवडलं. त्यांची एक चुलत बहीण त्या बाजूला दिली आहे.

गारठा पुरत नाही

आता समजा, झोपाळा तळाच्या पायरीवर आणला. पुढे काय? मुलीचं उत्तर सरळ होतं: अगदी हलका धक्का द्यायचा. बहुतेकजण इथेच फसतात. पायऱ्या सगळ्या सारख्या उंचीच्या असल्यामुळे धक्का कितीही नाजूक असला तरी तो एखादी पायरी निवडू शकत नाही. पहिल्या पायरीवर चढवणारा धक्का दुसरीवर आणि तिसरीवरही चढवतो. परिणामी झोपाळा साध्या झोपाळ्यासारखाच झुलतो, फक्त कमी. तो दोन अवस्थांत एकाच वेळी जावा यासाठी ज्याच्या पायऱ्या असमान आहेत असा कोणी तरी मध्यस्थ लागतो.

प्रयोगशाळेत तो मध्यस्थ म्हणजे अतिसंवाहक धातूचं मंडल, क्यूबिट. झुरिकच्या ईटीएच संस्थेत यिवेन चू यांच्या गटाने तो नीलमण्याच्या एका पातळ चकतीला जोडला. मध्ये पिझोइलेक्ट्रिक पदार्थाचा एक ठिपका. पिझो म्हणजे काय हे सांगायला गॅस लायटर पुरतो: दाबला की वीज. इथे उलट्या दिशेनेही चालतं, वीज दिली की दाब. म्हणून क्यूबिटमधली विजेची खळबळ चकतीत आवाज होऊन उतरते आणि चकतीतला आवाज क्यूबिटपर्यंत परत पोचतो. आधी क्यूबिटलाच ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्हींत एकदम ठेवायचं, मग त्याला चकतीशी थोडा वेळ गप्पा मारू द्यायच्या. गप्पा संपतात तेव्हा द्विधा अवस्था चकतीच्या अंगात उतरलेली असते.

आमचा झोपाळा इथे पूर्ण हरला. त्या चकतीत जे हेलकावतं ते चकतीचं एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं नव्हे. चकती जागची हलत नाही. तिच्या आत आवाजाची लहर उभी राहते, देवळातली घंटा टोल दिल्यावर अंगात थरथरते तशी. दोन अवस्था म्हणजे एकाच क्षणी अणू वर सरकलेले असणं आणि त्याच क्षणी खाली सरकलेले असणं, दोन उलट्या तालांतली थरथर. ‘दोन ठिकाणी’ हा शब्दप्रयोग खोटा नाही, पण तो ऐकून डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते जवळपास सगळं चुकीचं आहे. आणि ते चित्र मीच वर्गासमोर टांगलं होतं.

किती दूर?

एप्रिल २०२३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा सगळ्यांनी वजनाचाच आकडा उचलला: १६ मायक्रोग्रॅम. तांदळाच्या दाण्याचा सुमारे हजारावा भाग, पण अणूंच्या हिशेबाने एकावर सतरा शून्यं एवढा प्रचंड जमाव, आणि तो सगळा द्विधा अवस्थेत. श्रोडिंगरने १९३५ साली एकाच वेळी जिवंत आणि मेलेल्या मांजराची गोष्ट थट्टेने सांगितली, तिच्या दिशेने टाकलेलं हे मोठं पाऊल. आमच्या फ्लेक्सवरही हाच एक आकडा होता.

मी तिला विचारलं, दोन्ही अवस्थांमध्ये अणू एकमेकांपासून किती दूर? ते तिने पाहिलंच नव्हतं. मीही वर्गात सांगितलं नव्हतं. मीटरचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख, त्यातल्या एकाचे आणखी दहा लाख. असे साधारण दोन भाग. प्रोटॉनच्या व्यासाचा आठशेवा हिस्सा. फ्लेक्सवर दोन झोपाळ्यांमधलं अंतर वीतभर होतं.

ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘सर, म्हणजे हे फसवंच आहे की.’ हा निष्कर्ष घाईचा होता आणि त्यावर आमचा एक अख्खा तास गेला. मी तिच्यासमोर दुसरा प्रयोग ठेवला. व्हिएन्नात मार्कुस आर्न्ट यांच्या गटाने २०१९ साली दोन हजारांपर्यंत अणूंचे रेणू २६६ नॅनोमीटर अंतराच्या जाळ्यांमधून सोडले आणि प्रत्येक रेणू शेजारच्या फटींतून एकाच वेळी गेल्याची खूण पाहिली. इथे अंतर रेणूच्या स्वतःच्या आकाराहून कितीतरी मोठं. फ्लेक्सवर दाखवलं होतं तसं, खरोखरचं ‘दोन ठिकाणी’. पण वजन? नीलमण्याच्या चकतीतला हलणारा भाग त्या रेणूपेक्षा सुमारे ४ कोटी कोटी पट जड. एकाकडे वजन आहे, अंतर नाही. दुसऱ्याकडे अंतर आहे, वजन नाही. ‘आतापर्यंतची सर्वांत मोठी क्वांटम वस्तू’ अशी बातमी आली की किती जड, किती दूर आणि किती वेळ हे तिन्ही विचारावे लागतात. एकच आकडा देणारी बातमी निम्मी समजावी, असं माझं आता मत झालं आहे.

‘दिवो मालवलो तर?’

आजोबांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आता यायला हवं, कारण प्रकरणाचं मूळ तिथे आहे. ‘बघितलं की मोडतं’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला माणसाच्या नजरेत काही जादू असल्यासारखं वाटतं. दिवा घालवला, पडवी रिकामी केली, तर झोपाळा मोकळा व्हायला हवा.

होत नाही, कारण चुगली करायला माणूस लागत नाही. हवेचे रेणू त्या फळीवर दर सेकंदाला एवढे आपटतात की आकडा लिहायला चारवर सत्तावीस शून्यं लागतात. हवा काढून टाकली, समजा. तरी फळी कोमट आहे आणि कोमट वस्तू काळोखातही अवरक्त किरण सोडत राहते, सेकंदाला सहावर बावीस शून्यं इतके कण. झोपाळा जर वीतभर अंतराच्या दोन ठिकाणी असेल, तर त्यातला एकेक कण ‘मी इकडून निघालो’ किंवा ‘तिकडून’ ही बातमी घेऊन बाहेर पडतो. ती कोणी वाचो न वाचो. बातमी फुटली की दोन अवस्थांचा मेळ तुटतो.

मुलीने इथे जो प्रश्न विचारला तो मला तासाभरातला सर्वोत्तम वाटला: मग झुरिकच्या चकतीतून बातमी का फुटत नाही? फुटते, पण सावकाश. ती गारठलेली आहे, निर्वातात आहे, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे तिच्या दोन अवस्था इतक्या जवळजवळ आहेत की एखाद्या कणाला त्यांतला फरक ओळखताच येत नाही. अवरक्त किरणाची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. प्रोटॉनच्या आठशेव्या हिश्श्याचा फरक त्याला काय कळणार? जे अंतर मघाशी तिला फसवं वाटलं होतं, त्यानेच त्या अवस्थेला वाचवलं होतं. तरीही ती टिकली मायक्रोसेकंदांच्या हिशेबात, कारण चकतीतला आवाज आतल्या आत विरत जातो आणि विरणारा आवाजही बातमी नेतोच.

आजोबांना हे सगळं तिने मालवणीत सांगितलं. चुगलीचा भाग त्यांना लगेच पटला. वाडीत राहणाऱ्या माणसाला तो पटायला वेळ लागत नाही.

खूण कुठली?

एक अडचण उरली होती. चकती ‘वर किंवा खाली, आपल्याला माहीत नाही’ अशी असेल, तर? करवंटीखाली नाणं झाकलं तर ते छापा आहे की काटा हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून ते दोन्ही आहे असं कोणी म्हणत नाही. हा फरक फ्लेक्सवर कुठेच नव्हता, आणि खरं तर त्याशिवाय फ्लेक्सला अर्थच नव्हता.

एका रविवारी पाऊस उघडला तेव्हा सात-आठ मुलं घेऊन निवतीला गेलो. समुद्र अजून खवळलेला, म्हणून वरूनच पाहिलं. खडकावर आलेली लाट दोन्ही बाजूंनी वळसा घालते आणि खडकाच्या पाठीमागे तिचे दोन तुकडे एकमेकांवर चढतात. काही जागी पाणी दुप्पट उसळतं. काही जागी मात्र आजूबाजूला सगळं हलत असताना पाणी जवळजवळ निपचित. एकाची उंची दुसऱ्याच्या खळग्यात भरली जाते. पाण्याची लाट ‘एक तर डावीकडून आली, नाही तर उजवीकडून’ अशी असती तर ही शांत जागा बनलीच नसती. दोन्हीकडून आली म्हणूनच ती आहे.

बारावीच्या पुस्तकात दोलनाच्या धड्यापाठोपाठ लाटांच्या सुपरपोझिशनचा, म्हणजे लाटा एकमेकांवर चढण्याचाच धडा येतो. दोन्ही धडे मी वर्षानुवर्षं शिकवले, पण लागून असलेल्या त्या दोन धड्यांची गाठ मी मुलांना कधी बांधून दिली नव्हती. झुरिकच्या गटाने चकतीच्या अवस्थेचा, शक्यतांच्या नकाशासारखा एक नकाशा काढला, त्यात दोन अवस्थांच्या दोन ढिगांच्या मधोमध पट्टे दिसतात आणि काही पट्ट्यांत किंमत शून्याच्याही खाली जाते. साध्या अज्ञानाच्या, करवंटीखालच्या नाण्याच्या नकाशात उणे किंमत येऊच शकत नाही. खडकामागची निपचित जागा म्हणजेच ते उणे पट्टे, असं मी म्हणणार नाही. पण मुलांना पट्टे का महत्त्वाचे आहेत हे त्या जागेवरून कळलं. एरवी कोळ्याला विचारलं असतं तर त्यानेही होडी कुठे बांधायची ते सांगताना हेच सांगितलं असतं.

नवा फ्लेक्स

दुसरा फ्लेक्स छापायला पैसे नव्हते. जुन्यावरच कागद चिकटवले. मथळा झाला: ‘१६ मायक्रोग्रॅम द्विधा अवस्थेत: किती दूर? किती वेळ?’ फिकट झोपाळा झाकला. मूळ झोपाळा राहिला, खाली त्याच्या हिशेबासकट, ‘हे का जमत नाही’ या शीर्षकाखाली. निवतीचा फोटो उजवीकडे.

कुडाळला प्रदर्शन झालं. क्रमांक आला नाही. परीक्षकांनी विचारलं, याचा उपयोग काय? तिने तयारीतलं उत्तर दिलं: अतिसूक्ष्म बल मोजणारी साधनं, क्वांटम माहिती साठवण्यासाठी आवाजाचे खण. मग आपणहून पुढे म्हणाली की गुरुत्वाकर्षण क्वांटम आहे का, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. २०१७ साली लंडनमधले सौगत बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मार्ग सुचवला: मिलिग्रॅमच्या दहा कोटीव्या भागाएवढे दोन कण घ्यायचे, दोघांनाही मिलिमीटरच्या काही दशांशाइतक्या अंतरावर द्विधा अवस्थेत ठेवायचं आणि केवळ एकमेकांच्या ओढीने त्यांच्या अवस्था गुंततात का ते पाहायचं. वजन व्हिएन्ना आणि झुरिक यांच्या मधलं, अंतर मात्र दोन्हींहून मोठं, आणि तिथे अजून कोणी पोचलेलं नाही. परीक्षकांनी पुढच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे नारळाच्या काथ्यापासून वीटा केल्या होत्या, चांगल्या होत्या.

यंदाच्या वर्गासाठी मी क्रम उलटा करणार आहे. आधी लाटा, मग करवंटी आणि नाणं, मग घंटा, शेवटी नीलमणी. झोपाळा दोलनाच्या धड्यातच ठेवीन. तिथे तो उत्तम काम करतो. निवतीला मात्र नोव्हेंबरात जायचं, म्हणजे मुलांना खाली उतरून खडकामागची ती जागा जवळून बघता येईल.